बकुळा आत्याची तिरकी दुपार

आमच्या घरात सगळ्यांत उंच माणूस म्हणजे बकुळा आत्या, आणि सगळ्यांत कमी जागा कायम तिच्याच वाट्याला आलेली. नाना, म्हणजे माझे आजोबा, तिचे थोरले भाऊ. ते तिच्या खांद्यापर्यंत येतात. ही उंची तिच्यात कुठून आली, हे कोणालाच सांगता येत नाही. तरुणपणी तिला बघायला स्थळं यायची. मुलगा मान वर करून बघायचा, चहा प्यायचा आणि जिना उतरता उतरता नाही म्हणायचा. एक जण हो म्हणाला होता, पण तो आत्याला पसंत पडला नाही. "याच्या शेजारून चालले तर लोक म्हणतील, पोराला शाळेत सोडायला निघालीय," असं म्हणून तिने विषय संपवला. मग ती परळच्या एका हॉस्पिटलात आया म्हणून लागली आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांच्या गाद्यांवरच्या चादरी ताणून सरळ करत राहिली.

खरं तर ती माझ्या बाबांची आत्या. पण आईही तिला आत्याच म्हणते, दादाही, मीही, आणि मजल्यावरचे निम्मे लोकही. नाना एकटे 'बकुळे' म्हणतात.

वरळीच्या बीडीडी चाळीत आमची एक खोली होती आणि तिच्यात आम्ही सहा मोठी माणसं राहायचो. नाना बाहेर गॅलरीत बाकड्यावर. आईबाबा पडद्यामागच्या कॉटवर. राजरत्न, म्हणजे माझा दादा, पोटमाळ्यावर; तिथे आडवंच शिरावं लागे आणि आडवंच उतरावं लागे. मी कॉटच्या पायथ्याशी. आणि आत्या कपाट आणि पाण्याचं पिंप यांच्या मधल्या पट्टीत. ती झोपायची म्हणण्यापेक्षा घडी होऊन पडायची. गुडघे पोटाशी, पाठ पिंपाला. पाय लांब केले की थेट मोरीत. सकाळी उठली की आधी बसायची, जराशी तशीच थांबायची, मग एकेक सांधा सोडवत उभी राहायला लागायची, आणि राहतच जायची. लहानपणी मला वाटायचं, आत्या रोज सकाळी नव्याने वाढते.

चाळीत दार ही वस्तू फक्त रात्रीची होती. सकाळी एकदा उघडलं की झोपायच्या वेळेपर्यंत ते भिंतीला टेकून उभं. दिवसा लागलेल्या दाराचे तीनच अर्थ होते. आत कोणीतरी गेलंय, आत भांडण चाललंय, किंवा आत नवं जोडपं आहे. पहिल्या वेळी लोक पांढरे कपडे घालून यायचे, दुसऱ्या वेळी कान देऊन उभे राहायचे आणि तिसऱ्या वेळी पोरांना खाली खेळायला पिटाळायचे. चौथा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता.

मग चाळीच्या जागी टॉवर झाला आणि आम्हाला दोन बेडरूमचं घर मिळालं. चाळीत भिंतीपलीकडे राहणाऱ्या सुनेत्रामावशी आता लिफ्टच्या पलीकडे आल्या, एवढाच काय तो दुरावा. घरात वाटणी झाली. नानांनी हॉल मागून घेतला. "खोलीत झोपलो तर कोण आलं कोण गेलं कळणार कसं?" म्हणाले. दादाचं अंथरूणही हॉलमध्येच, नानांच्या पायाशी. एक बेडरूम आईबाबांची. दुसरी रात्री आत्याची आणि माझी, आणि दुपारी चारपासून दादाची, कारण त्याच्या कंपनीची गिऱ्हाइकं जगाच्या दुसऱ्या टोकाला राहतात आणि आपल्या संध्याकाळी जागी होऊन तक्रारी करतात. तेही दार उघडं ठेवूनच. नानांचा खोकला अमेरिकेत ओळखीचा झालेला आहे.

त्या बेडरूममध्ये बाबांनी नवा कोरा डबलबेड आणला. पहिल्या रात्री आत्या त्यावर हळूच आडवी झाली. पाय लांब केले. आणि तिची दोन्ही पावलं गादीच्या बाहेर जाऊन हवेत थांबली.

"शोरूमवाल्याने फसवलं," बाबा म्हणाले.

"बेड बरोबर आहे रे विकास," आत्या म्हणाली. "माणूसच मापात नाही."

तिने पायाशी स्टूल ठेवलं आणि पावलं त्यावर टेकली. पाण्याचं पिंप नव्हतं, मोरी नव्हती, तरी पाय अजून दुसऱ्या कोणाच्या तरी जागेतच होते.

एका सकाळी लसूण सोलता सोलता ती मला म्हणाली, "एक सांगू? हसायचं नाही."

"नाही हसत."

"काल तू अंघोळीला गेलीस ना, तेव्हा मी त्या बेडवर तिरकी झोपून बघितलं. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात." तिने लसणाच्या पाकळीने हवेत रेघ काढली. "सगळी मावले. डोक्यापासून पायापर्यंत. वर थोडी गादी उरली."

"मग?"

"मग काय, तू नळ बंद केलास. उठले." ती पुन्हा लसूण सोलायला लागली. "एक दुपार तशी झोपायचीय. नीट. हात पसरून. पण असं पसरलेलं कोणी बघितलं तर मला लाज वाटेल गं. दार लावून झोपायचंय."

घाईचं कारणही होतं. दादाचं लग्न ठरलं होतं. प्रिती, ठाण्याच्या एका ऑफिसात काम करणारी आणि फोनवर फार मोठ्याने हसणारी मुलगी, पुढच्या महिन्यात घरात येणार होती. त्यानंतर ती बेडरूम दादाची आणि प्रितीची, मी आईबाबांच्या खोलीत खाली, आणि आत्या हॉलमध्ये दिवाणावर. दिवाण बेडहूनही आखूड होता. हे सगळं आत्यानेच सुचवलं होतं, पण त्याआधी तिला तिची एक दुपार हवी होती.

दुपारी ती खोली रिकामी असते, त्यामुळे सोपं वाटलं. पण आमच्या घरात रिकामी जागा म्हणजे सगळ्यांची जागा. पहिल्या दिवशी आत्या आडवी होते तोच नाना चष्मा शोधत आले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. तो सापडल्यावर ते पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "इथे वारा छान येतो." दुसऱ्या दिवशी आई शाळेतल्या नोकरीवरून आली आणि ओले कपडे खिडकीशी वाळत घालायला लागली. "आत्या, तुम्ही झोपा, माझा काही त्रास नाही," असं म्हणत तिने आत्याच्या अंगावरून दोरी बांधली. तिसऱ्या दिवशी सुनेत्रामावशी आल्या आणि बेडच्या नेमक्या मधोमध मांडी घालून आपल्या सुनेबद्दल बोलल्या. पाचपर्यंत. दादा तोपर्यंत स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून एका परदेशी बाईंची माफी मागत होता.

चौथ्या दिवशी आत्याने दार लावलं.

दाराला नवीन पद्धतीची गोल मूठ आहे आणि मुठीच्या मध्यभागी बटण. ते दाबलं की बाहेरून उघडत नाही. खट्ट असा आवाज झाला. मी स्वयंपाकघरात होते, मला कळलं. हॉलमध्ये पेपर वाचत बसलेल्या नानांनाही कळलं. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"कसला आवाज झाला?"

"आत्याने दार लावलं, नाना."

"दिवसाढवळ्या?"

"झोपलीय ती."

"झोपायला दार कशाला?" नाना उठले. दारासमोर जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने विचार करायला लागले. नाना मनातल्या मनात विचार करत नाहीत. "आत एकटी आहे. म्हणजे भांडण नाही. लग्न तिचं झालेलं नाही. मग राहिलं काय?"

राहिलेला अर्थ त्यांच्या लक्षात आला आणि त्यांनी दोन्ही हातांनी दार बडवलं. "बकुळे! ए बकुळे!"

आतून काहीच आवाज आला नाही. आत्याने मला नंतर सांगितलं की ती त्या वेळी हात पसरत होती आणि तिला वाटलं, उत्तर नाही दिलं की जातील.

आई धावत आली. दादा अंघोळ अर्धी टाकून टॉवेलवर आला. आमच्या बाहेरच्या उघड्या दारातून सुनेत्रामावशी आल्या आणि काय झालं हे न विचारता रडायला लागल्या. रडता रडताच त्यांनी चाळीच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'बकुळाताईंचं दार बंद आहे. लगेच या.' पुढे हात जोडलेले. त्या ग्रुपवर हात जोडलेले म्हणजे एकच गोष्ट. चाळीच्या मंडळाचे दोन कार्यकर्ते असा निरोप आला की कपाटातले पांढरे शर्ट काढतात आणि निघतात. ते लिफ्टने पोचलेसुद्धा.

"जय भीम, नाना," त्यांतला एक हळू आवाजात म्हणाला. "गाडी किती वाजता सांगायची?"

"कसली गाडी?" दाराआडून आत्याचा आवाज आला.

सुनेत्रामावशींचं रडणं मधल्या मध्ये थांबलं आणि त्यांना उचकी लागली.

"बकुळे, तू आहेस?" नानांनी विचारलं.

"मी मेलेली नाही. जा सगळे."

आता सगळ्यांना बरं वाटायला हवं होतं. पण नानांचा हिशेब अर्धा राहिला होता. मयत नाही. एकटीने भांडता येत नाही. ते दाराजवळ वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मग तुझ्याबरोबर आत कोण आहे?"

"अगं बाई!" सुनेत्रामावशी म्हणाल्या. उचकी गेली.

"नाना, काहीतरी काय," आई म्हणाली, पण तीही एक पाऊल पुढे आली.

"मी म्हणत नाही," सुनेत्रामावशी म्हणाल्या, "पण सकाळी खालच्या बागेत ते शरच्चंद्र रोज हिच्याच बाकावर येऊन बसतात. पपई देतात कापून. मला नाही कधी दिली."

शरच्चंद्र म्हणजे दुसऱ्या विंगमधले एक निवृत्त गृहस्थ. सडपातळ, विधुर, आणि कुठल्याही बिघाडाला हात लावायला उत्सुक. क्षणभर हॉलमधल्या सगळ्यांनी त्या बंद दाराकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. मंडळाच्या एका कार्यकर्त्याने तर पांढऱ्या शर्टाची कॉलर सारखी केली.

तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि शरच्चंद्र स्वतः बाहेर आले. हातात स्क्रू ड्रायव्हर.

"दार अडकलंय म्हणे?"

आमच्या हॉलमध्ये त्या दिवशी जेवढी निराशा झाली तेवढी पुन्हा कधी बघितली नाही. सुनेत्रामावशी तर सरळ म्हणाल्या, "तुम्ही बाहेर कसे?"

"म्हणजे? बाहेरूनच उघडतात ना दार?" शरच्चंद्र म्हणाले आणि गुडघ्यांवर बसून मुठीचे स्क्रू काढायला लागले. ते नको, थांबा, आतलं माणूस झोपलंय, असं मी म्हणत होते, पण माझा आवाज मुळात लहान. दादा प्रितीला फोन लावून सगळं सांगत होता, टॉवेल सावरत, स्पीकरवर. चौथा स्क्रू निघाला. बाहेरची मूठ शरच्चंद्रांच्या हातात आली. आतला दांडा खळ्ळकन आत पडला. आता ते दार बाहेरूनही उघडेना आणि आतूनही.

"आता खरंच अडकलं," शरच्चंद्र समाधानाने म्हणाले.

"आत माझा लॅपटॉप आहे!" दादा ओरडला. "चारला शिफ्ट आहे माझी!"

"आत्या, घाबरू नका हं!" आई दाराला तोंड लावून म्हणाली. "आम्ही आहोत बाहेर!"

"तेच तर," आतून आवाज आला.

मग आत्या बोलली. ती चिडली नव्हती. वॉर्डातल्या पेशंटना समजवावं तशी सावकाश बोलली.

"नाना, ऐक. मला तिरकं झोपायचंय."

"काय झोपायचंय?"

"तिरकं. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. सरळ झोपले की मी मावत नाही. आजवर कुठेच मावले नाही. पुढच्या महिन्यात पोरांची खोली होईल ही, व्हायलाच पाहिजे. त्याआधी एकदा पूर्ण लांब होऊन झोपू दे मला. एवढंच आहे आत. दुसरं कोणी नाही."

नानांचा हात दारावरच होता. त्यांनी तो हळूच काढून घेतला. मग आमच्याकडे वळून, ओठांवर बोट ठेवून, त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "गप्प बसा सगळे. बकुळा झोपतेय." तो आवाज लिफ्टपर्यंत गेला असेल.

दादाच्या फोनमधून प्रितीचं हसू आलं. मग ती म्हणाली, "आत्यांना सांगा, लग्नानंतरही मी दिवसभर ठाण्यालाच असणार. दुपारची खोली त्यांचीच. राज, तू लॅपटॉप हॉलमध्ये ठेवायला शीक."

"ऐकलं," आतून आत्या म्हणाली. "आता फोन ठेवा."

मग जे झालं ते मी आधी कधी बघितलेलं नाही. आमच्या मजल्यावरची माणसं गप्प बसली. दिवाणावर, खुर्च्यांवर, जमिनीवर, जागा मिळेल तिथे. आईने चहा टाकला आणि कप कपाला लागू नये म्हणून एकेक नॅपकिनमध्ये धरून आणला. कार्यकर्त्यांनी बशीत ओतून, फुर्रकन आवाज न करता प्यायला. त्यांना ते फार जड गेलं. शरच्चंद्र हातातली मूठ कुरवाळत बसले. सुनेत्रामावशींना सुनेबद्दल काहीतरी आठवलं, पण नानांनी बघितल्यावर त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

थोड्या वेळाने दारापलीकडून घोरणं ऐकू आलं. आधी बारीक, मग भरदार. खोली केवढी आहे हे त्या आवाजाला समजलं असावं.

"घोरतात म्हणजे आहेत," एक कार्यकर्ता कुजबुजला आणि दोघे निश्चिंत होऊन, चपला हातात घेऊन निघून गेले.

दादाने त्या दिवशी कंपनीला कळवलं की घरात तांत्रिक अडचण आहे. चार वाजून गेले, उन्हं खाली उतरली, तेव्हा आतून आवाज आला, "आता उघडा." शरच्चंद्रांनी स्वयंपाकघरातलं उलथणं फटीत घातलं, बाबा नुकतेच ऑफिसातून आले होते त्यांनी खांदा लावला, आणि दार उघडलं.

आत्या दारात उभी होती. केस सुटलेले, गालावर चादरीची वळी उमटलेली. ती नेहमीपेक्षा उंच दिसत होती, पण ते माझं जुनंच वेड असेल. तिने हॉलभर बसलेल्या माणसांकडे पाहिलं.

"तुम्ही सगळे इथेच होतात?"

"झोप लागली का?" नानांनी विचारलं.

"लागली." तिने शरच्चंद्रांच्या हातातल्या मुठीकडे पाहिलं. "ती परत बसवा आता. आणि पपई तुमच्या घरीच खात जा, इथे लोकांना त्रास होतो."

मूठ बसली, पण बटण गेलं ते गेलंच. दादाचं लग्न झालं. प्रिती आली, ठाण्याला जाते, संध्याकाळी येऊन मोठ्याने हसते. रात्री आत्या दिवाणावर घडी होते, शेवटी चाळीतली सवय आहेच. पण दुपारी दार लागतं. बटण नसल्यामुळे नाना दाराला पाठ लावून खुर्ची टाकून बसतात आणि जो कोणी येईल त्याला सांगतात, "बकुळा तिरकी झोपलीय." कुरिअरवाल्यालासुद्धा. त्याने एकदा विचारलं, "तबियत ठीक है ना उनकी?"

मागच्या आठवड्यात आत्या खोलीकडे निघाली तेव्हा नाना खुर्चीवर बसलेच नाहीत. उभेच राहिले. चष्मा पुसला.

"बकुळे, आज... मी बघू का?"

"तू कशाला? तू सरळ मावतोस की."

"मावतो. तरी."

आत्याने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बाजूला झाली. नाना आत गेले. दार लागलं. आत्या खुर्चीवर बसली, दाराला पाठ लावून, गुडघे पार पुढे आलेले. सुनेत्रामावशी आल्या, तिने त्यांना हातानेच परत पाठवलं. शेंगा निवडायला घेतल्या. आतून काही आवाज येईना. नाना झोपेतही बोलतात, आणि आज घोरणं नाही, खोकला नाही, काही नाही. तिच्या बोटांचा वेग कमी झाला. ती दाराकडे बघायची, मग शेंगांकडे, मग माझ्याकडे.

"झोपू दे, आत्या," मी म्हणाले.

"झोपू देतेच आहे." तिने एक शेंग सोलली, दाणे टोपलीबाहेर टाकले आणि साल आत ठेवलं. मग उठली आणि एका बोटाने, अगदी हळू, दार वाजवलं.

"नाना? बरा आहेस ना?"

"बकुळे," आतून आवाज आला, "बस की गप."

ती बसली. मग तिने टोपलीतून साल उचललं आणि बाहेरचे दाणे गोळा करायला लागली.